फुटबॉल क्लबला अनोळखी परदेशी मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) आला तर पहिल्या दहा सामन्यांपर्यंत काय तपासायचं

नाव जाहीर झालं की पहिल्या तासात चाहते दोनच गोष्टी शोधतात: या माणसाने किती चषक जिंकलेत आणि मागच्या नोकरीतून तो का गेला. दोन्ही उत्तरं फसवी असतात. जुलै २०१५ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर क्लबने क्लॉडिओ रानिएरीला आणलं, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता त्याच्या हाताखालच्या ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचा फेरो बेटांकडून घरच्या मैदानावर झालेला ०-१ पराभव. लेस्टरचाच जुना स्ट्रायकर गॅरी लिनेकर याने उघडपणे नाक मुरडलं. पुढच्या मे महिन्यात लेस्टर लीगविजेता.

खुणा मात्र तेव्हाही समोर होत्या. याच संघाने आधीच्या हंगामातल्या शेवटच्या ९ सामन्यांपैकी ७ जिंकले होते. क्रेग शेक्सपिअर आणि स्टीव्ह वॉल्श हे जुने सहायक रानिएरीने जागेवर ठेवले. ग्रीससोबतचे सामने होते अवघे चार. त्याआधीच्या वर्षी त्याच माणसाच्या हाताखाली मोनाको फ्रेंच लीगमध्ये दुसरा आला होता. म्हणून आधी संघ तपासा, माणूस नंतर.

संघाचा हिशोब

जुन्या मॅनेजरच्या काळातले शेवटचे दहा लीग सामने घ्या. प्रत्येकासमोर केलेले गोल, खाल्लेले गोल, दोन्ही बाजूंचा एक्सजी (मिळालेल्या संधींच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते याचा अंदाज), लाल कार्ड आणि पेनल्टी लिहा. एका पेनल्टीचा एक्सजी साधारण ०.७६ ते ०.७९ धरतात, तेवढा वजा करा, नाहीतर तीन पेनल्टी मिळालेला संघ उगाच आक्रमक दिसतो. विसाव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालेला सामना बेरजेतून काढूनच टाका.

समजा, संघाने ८ गोल केले आणि १७ खाल्ले, पण पेनल्टी वगळून एक्सजी १२.५ विरुद्ध १२ आहे. म्हणजे संघ बरोबरीचा खेळत होता आणि नशीब रुसलं होतं. इथे नवा कुणीही आला तरी निकाल सुधारणार आणि श्रेय त्याच्या खात्यात जमा होणार. 'नवा मॅनेजर आला की संघ उसळी मारतो' म्हणतात त्यातला बराच भाग हाच: हकालपट्टी बहुतेकदा घसरणीच्या तळाला होते, आणि तळानंतर वरच जायचं असतं. उलट एक्सजीसुद्धा ८ विरुद्ध १७ असेल, तर दुखणं खेळाडूंच्या दर्जात आहे. तिथे पहिल्या महिन्यात जादूची अपेक्षा ठेवू नका.

माणसाचा हिशोब

त्याच्या प्रत्येक क्लबसाठी चार रकाने पुरतात: तो येण्याआधीचं स्थान, त्याच्या काळातलं स्थान, तो गेल्यानंतरचं स्थान आणि पगाराच्या खर्चात क्लबचा लीगमधला क्रमांक. पगारात बारावा असलेला क्लब सातवा आणणारा माणूस पगारात पहिल्या असलेल्या क्लबसोबत लीग जिंकणाऱ्यापेक्षा जास्त सांगून जातो. डेव्हिड वॅग्नर हडर्सफील्डला आणि डॅनियल फार्के नॉर्विचला आले ते जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबच्या राखीव संघाकडून; दोघांचं पुढे काय झालं ते शेवटी येतं. चषकांच्या यादीत शोधून काहीच सापडलं नसतं.

मग त्याच्या जुन्या संघाचे दोन पूर्ण सामने बघा, त्यातला एक हरलेला. हायलाइट्स नकोत, त्यात फक्त चेंडू दिसतो, रचना दिसत नाही. लक्ष इथे ठेवा: गोल किक छोटी घेतात की लांब, प्रतिस्पर्ध्याच्या सेंटर-बॅककडे (मधल्या बचावपटूकडे) चेंडू असताना त्याच्या संघाची शेवटची फळी मैदानाच्या मध्यरेषेपासून किती लांब उभी आहे, आणि स्वतःच्या कॉर्नरला मागे किती जण राहतात. पिछाडीवर असताना पहिला बदल कितव्या मिनिटाला होतो, तेही टिपा. साठाव्या मिनिटाआधी बदल करणारा आणि ऐंशीपर्यंत वाट बघणारा, ही दोन वेगळ्या स्वभावाची माणसं असतात.

आता हे सगळं आपल्या खेळाडूंवर बसवून बघा. शेवटची फळी वर ठेवणार असेल तर आपले सेंटर-बॅक पाठीमागे धावू शकतात का? विंगबॅक (कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारे) लागणार असतील तर आहेत का? तीन खेळाडू बदलल्याशिवाय पद्धत उभी राहत नसेल आणि ट्रान्सफर विंडो (खेळाडू खरेदी-विक्रीची मुदत) बंद असेल, तर पुढचे काही महिने कसे जाणार हे आजच लिहून ठेवता येतं.

याचं उदाहरण म्हणजे २०१७ चा क्रिस्टल पॅलेस. फ्रँक डी बूर तीन सेंटर-बॅकची मांडणी घेऊन आला, लीगचे चारही सामने हरला, एकही गोल नाही आणि ७७ दिवसांत घरी गेला. इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण त्याच्या जागी आलेला रॉय हॉजसनही लीगचे पहिले तीन सामने गोल न करता हरला. लीगमधला पॅलेसचा पहिला गोल आठव्या सामन्यात, चेल्सीविरुद्ध. पहिल्याच सामन्यात जखमी झालेला विल्फ्रेड झाहा त्याच दिवशी परतला होता, आणि विजयी गोलही त्याचाच. हंगामाअखेर पॅलेस अकरावा. तेव्हा प्रत्येक निकालाशेजारी 'कोण उपलब्ध नव्हतं' हा रकाना हवाच.

भाषा आणि सहायक

दुभाष्यामार्फत आलेल्या एका वाक्यावरून माणूस मोजू नका. मिनिटभराचं उत्तर दुभाषी पंधरा सेकंदांत सांगतो, त्यातली विनोदाची आणि रागाची छटा आधी गळते. मॉरिसिओ पोचेटिनो जानेवारी २०१३ मध्ये साउदॅम्प्टनला आला तो दुभाष्यासह, तेही लागोपाठ दोनदा वरच्या श्रेणीत नेणाऱ्या नायजेल अॅडकिन्सच्या जागी. चाहते भडकले, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण पुढच्या हंगामात संघ आठवा आला. खरा प्रश्न ड्रेसिंग रूमचा आहे: सहायकांपैकी निदान एकाला खेळाडूंची भाषा आणि ही लीग दोन्ही येतात का? सगळेच सहायक नवे आणि सगळेच बाहेरचे असतील तर काळजीचं कारण आहे.

नाराजी कुणावर काढायची

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्वान्सीने बॉब ब्रॅडली या अमेरिकन प्रशिक्षकाला आणलं. क्लबमध्ये सुमारे २१ टक्के वाटा असलेल्या चाहत्यांच्या ट्रस्टला या निवडीत विचारलंच गेलं नव्हतं. तक्रार रास्त होती आणि ती नव्या अमेरिकन मालकांविरुद्ध होती. प्रत्यक्षात थट्टा झाली ती ब्रॅडली पेनल्टीला अमेरिकन पद्धतीने 'पीके' (पेनल्टी किक) म्हणतो याची. त्या गदारोळात मुद्द्याची गोष्ट बाजूला पडली: ११ सामन्यांत संघाने २९ गोल खाल्ले. ८५ दिवसांत तो गेला.

त्यामुळे दोन वेगळी पत्रं लिहा. पहिलं संचालकांना, आणि लेखी: निवड कुणी केली, किती उमेदवारांशी बोलणं झालं, खेळाडू खरेदीचा शेवटचा शब्द कुणाचा, करार किती वर्षांचा, खालच्या श्रेणीत गेलो तर करारात काय तरतूद आहे. पाचांपैकी दोनांची उत्तरं आली तरी पुष्कळ. दुसरं पत्र मॅनेजरबद्दल, ते दहा सामन्यांनंतर. घोषणाबाजी करायचीच असेल तर सामन्याआधी किंवा नंतर, आणि रोख संचालकांच्या खुर्च्यांकडे. खेळ सुरू असताना केलेल्या हुर्योचा पहिला फटका चेंडू पायात असलेल्या एकोणीस वर्षांच्या फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) बसतो, तो पुढचा पास मागेच देतो.

कधी मत द्यायचं

चौथ्या सामन्याला फक्त पद्धत बघा: गोल किक, शेवटची फळी, बदलांची वेळ यांत फरक दिसतो का. निकाल बाजूला ठेवा. दहाव्या सामन्याला वरचाच एक्सजीचा हिशोब पुन्हा मांडा आणि दोन्ही यादीतले प्रतिस्पर्धी शेजारी ठेवा. पहिल्या दहांत वरच्या सहांपैकी पाच भेटले असतील तर तुलना फुकट. एक्सजीचा फरक सुधारलाय पण गुण नाहीत, तर थांबा. गुण आहेत पण फरक तोच किंवा वाईट, तर टाळ्या वाजवा आणि सावध राहा. ही सावधगिरीही कधी चुकते: वॅग्नरचा हडर्सफील्ड २०१६-१७ मध्ये दुसऱ्या श्रेणीत ५६ गोल करून, ५८ खाऊन पाचवा आला आणि प्लेऑफमधून (बढतीच्या बाद फेरीतून) वरच्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये गेला.

दहा सामन्यांनी उत्तर मिळालं नाही तर पुढचा टप्पा पहिली उन्हाळी ट्रान्सफर विंडो. फार्केचा नॉर्विच पहिल्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत १४ वा होता. दुसऱ्या हंगामात तोच संघ ९३ गोल आणि ९४ गुणांसह अव्वल आला.