ट्रस्टची रद्द झालेली नोंदणी परत मिळवताना : आधी सही कोणाची ते बघा

"संस्थेची नोंदणी रद्द झाली" असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा, कोणती? महाराष्ट्रातल्या साध्यासुध्या सेवाभावी संस्थेच्याही तीन-चार नोंदण्या असतात. १८६० च्या सोसायटी कायद्याची एक, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाची दुसरी (धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली, तोच आपला 'एफ' नंबर), प्राप्तिकराची १२ए (संस्थेच्या करमाफीची) आणि ८०जी (देणगीदाराच्या सवलतीची), शिवाय परदेशी देणगी घेत असाल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याची. प्रत्येकीचं दार वेगळं. एफसीआरए निलंबित होते, १८० दिवसांसाठी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती मुदत आणखी १८० दिवस वाढू शकते. रद्द झाली तर तीन वर्षं नवा अर्जच करता येत नाही. धर्मादायमध्ये निलंबन होतं ते विश्वस्तांचं, कलम ४१ड खाली. संस्था मात्र थेट नोंदवहीतून कमी होते. मी लिहितेय ते या शेवटच्या प्रकाराबद्दल.

तालुक्याच्या गावातल्या एका मुलींच्या वसतिगृहात मी व्यवस्थापक म्हणून लागले, तेव्हा संस्थेची नोंदणी रद्द झाल्याचं तिथे कोणालाच माहीत नव्हतं. बँकेने केवायसीसाठी ताजा उतारा मागितला म्हणून धर्मादाय कार्यालयात गेले, तर खिडकीवरच्या लिपिकाने नंबर बघून सांगितलं, "मॅडम, ही संस्था डी-रजिस्टर आहे." मुली वसतिगृहात राहत होत्या, रोज दोन वेळा जेवत होत्या, आणि कागदावर संस्था नव्हती.

असं कसं होतं, तर त्या १९५० च्या कायद्याचं कलम २२(३अ). त्यात नोंदणी रद्द करण्याची पाच कारणं दिली आहेत. उद्देश पूर्ण झाला, उद्देश बेकायदा ठरला, मालमत्ता नष्ट झाल्यामुळे किंवा अन्य कारणाने तो साध्य होणं अशक्य झालं, रद्द करण्याजोगा न्यास स्पष्टपणे रद्द केला गेला, आणि पाचवं म्हणजे विश्वस्त उद्देशासाठी काहीच करत नाहीत. लहान संस्था अडकतात त्या या पाचव्यात. पण त्याला एक परंतुक, म्हणजे कायद्यातच घातलेली अट आहे, ते नीट वाचा. बदल कळवण्यात, लेखापरीक्षित हिशेब देण्यात किंवा कायद्याची इतर पूर्तता करण्यात पाच वर्षं कसूर झालेली असल्याशिवाय या कारणाखाली नोंदणी रद्द करता येत नाही. म्हणजे नुसती कसूर पुरत नाही, संस्था निष्क्रिय आहे हेही चौकशीत दिसायला हवं. काम चालू असलेल्या संस्थेला इथेच पाय रोवता येतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्यभर मोठी मोहीम निघाली, निष्क्रिय संस्थांच्या याद्या लागल्या, त्यात चालत्या संस्थाही गेल्या. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस कोणाच्या हाती लागणार?

उपाय कलम ७० चं अपील. ते धर्मादाय आयुक्तांकडे, म्हणजे प्रत्यक्षात विभागाच्या सहधर्मादाय आयुक्तांपुढे चालतं. मुदत आदेशापासून ६० दिवस. ती बहुतेकांची टळलेली असते, कारण आदेशच उशिरा कळतो. अशा वेळी अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज द्यायचा. मुदत कायद्याचं कलम ५ इथे लागू होतं. त्या अर्जात आदेश कधी आणि कसा कळला हे तारखेनिशी लिहायचं. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत हाती नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून नक्कल विभागात अर्ज टाका. नकलेवर अर्जाची आणि प्रत दिल्याची तारीख असते, तीच पुढे उपयोगी पडते.

खरी अडचण याच्या आधीची आहे, आणि नवख्या माणसाला तिची कल्पना नसते. अपिलावर सही कोण करणार?

शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादायच्या नोंदवहीतला संस्थेचा उतारा काढला तेव्हा मला हा प्रश्न पडला. पिवळट कागद, विश्वस्तांच्या रकान्यात शाईने लिहिलेली सात नावं, त्यातल्या एकावर तांबडी रेघ आणि बाजूला बदल अर्जाचा, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं कळवणाऱ्या अर्जाचा, क्रमांक. बाकीची नावं तशीच. त्यातल्या बहुतेकांचे फोटो आमच्या हॉलमध्ये हार घालून लावलेले होते. ज्यांनी मला नेमलं ते अध्यक्ष आणि सचिव या यादीत कुठेच नव्हते. त्यांची निवड सर्वसाधारण सभेत झाली होती, ठराव होता, पेढे वाटले होते. बदल अर्ज दाखल झालेला नव्हता. कार्यालयाच्या लेखी ते विश्वस्त नव्हतेच.

बदल झाल्यापासून ९० दिवसांत कलम २२ खाली परिशिष्ट तीनमध्ये तो कळवायचा असतो. आता पुरेसं कारण दाखवून आणि खर्च भरून मुदत वाढवून मिळते, पण प्रत्येक बदलाचा अर्ज वेगळा, आणि क्रम मोडून चालत नाही. वीस वर्षांत चार कार्यकारिणी झाल्या असतील तर साखळीची प्रत्येक कडी दाखवावी लागते. सोबत सभेची नोटीस आणि ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, ठराव, नव्यांची संमतिपत्रं, जुन्यांचे राजीनामे किंवा ना-हरकतीची शपथपत्रं, आणि वारलेल्यांचे मृत्यू दाखले. अर्ज सहसा अडतो तो सभेच्या नोटिशीवर. ठराव सगळ्यांकडे असतो. नोटीस नियमावलीप्रमाणे किती दिवस आधी काढली याचा कागद क्वचितच कोणाकडे. सभेनंतर काही वर्षांनी नोटिशीचं रजिस्टर "तयार" करून देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. विरोधी गटाचा एक माणूस उलटतपासणीला उभा राहिला की ते रजिस्टर उघडं पडतं आणि खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो.

आमच्या उताऱ्यावरच्या नावांपैकी एक गृहस्थ हयात निघाले, शहरात मुलाकडे राहणारे. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आबांचं नाव अजून आहे होय? त्यांनी तर केव्हाच सोडलं." सोडलं होतं ते तोंडी. म्हणजे उताऱ्यावर ते विश्वस्त होते, आणि अपिलावर त्यांचीच सही झाली, सध्याच्या सचिवांच्या सहीच्या वर. तुमच्याकडे असं कोणीच उरलं नसेल तर कलम ४७ खाली विश्वस्त नेमून मिळण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो लांबचा रस्ता आहे आणि वकिलाशिवाय जाऊ नये.

पुराव्यांचं म्हणाल तर फोटोंचा अल्बम आणि सत्काराची कात्रणं यांनी काही होत नाही. वर्षवार, दुसऱ्या कोणीतरी दिलेला कागद हवा : वीजबिलं, बँकेचे उतारे, अनुदानाची पत्रं, मुलींचं प्रवेश रजिस्टर, शाळेने दिलेले दाखले. आमच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात जुन्या हिशेबपत्रकांच्या पोचा सापडल्या. जांभळा गोल शिक्का, निम्मा उमटलेला, आवक क्रमांक भिंगाखाली धरला तर वाचता येणारा. त्या पोचांमुळे कसुरीची पाच वर्षं नेमकी कुठून मोजायची हाच वादाचा मुद्दा झाला. उंदरांनी कोपरे खाल्ले होते, आकडे शाबूत होते.

राहिलेल्या वर्षांचे हिशेब अपील चालू असतानाच पूर्ण करून घ्या. निकालाची वाट बघू नका. सीए जुन्या तारखेची सही करून देणार नाहीत, करूही शकत नाहीत. १ जुलै २०१९ पासून लेखापरीक्षण अहवालावर यूडीआयएन (प्रत्येक अहवालाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लागतो आणि तो सहीच्या तारखेशी बांधलेला असतो. उशिराचा अहवाल उशिराचाच दिसू द्या.

"कशाला ही कटकट, नवी संस्था काढा" हा सल्ला तुम्हाला फुकट आणि भरपूर मिळेल. संस्थेच्या नावावर दोन खुर्च्या आणि एक कपाट असेल तर ऐकायला हरकत नाही. जमीन, इमारत किंवा मुदतठेव असेल तर ऐकू नका. सातबारा जुन्या संस्थेच्या नावावर आहे, तो नव्या संस्थेकडे आपोआप जात नाही, आणि नोंदणी रद्द झालेल्या संस्थेची मालमत्ता ताब्यात घेण्याचे अधिकार कायद्याने कार्यालयाला दिले आहेत.

प्राप्तिकराचा धागाही इथेच अडकतो. १२एबी (१२ए नंतर आलेलं नोंदणीचं कलम) खाली नोंदणी रद्द करायच्या कारणांत एक असं आहे की संस्थेने तिच्या उद्देशांशी संबंधित दुसरा कायदा पाळला नाही, आणि तसा आदेश एकतर आव्हान न देता राहिला किंवा अंतिम झाला. म्हणजे धर्मादायचा आदेश मुकाट्याने सोडून दिला तर तो तिकडेही भोवू शकतो. अपील दाखल असेल तर तुम्ही तो वादात ठेवलेला असतो. तिकडची नोंदणी गेली तर प्राप्तिकराच्याच कलम ११५टीडी खाली साठलेल्या मालमत्तेवर कमाल दराने कर बसू शकतो, आणि इमारत असलेल्या संस्थेला तो झेपत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा आला आहे, त्यामुळे ही कलमं नव्या क्रमांकांनी शोधावी लागतील. सीएंना जुना आणि नवा दोन्ही क्रमांक विचारून फाइलवर लिहून ठेवा.

निकाल आमच्या बाजूने लागला, पण अटींसह : प्रलंबित हिशेब आणि बदल अर्ज ठरलेल्या मुदतीत दाखल करा. काही प्रकरणं फेरचौकशीसाठी खाली परत पाठवतात, तिथे पुन्हा साक्षीपुराव्याचं शपथपत्र द्यावं लागतं. दोन्ही बाबतींत आदेश मिळाला म्हणजे नोंद झाली असं नाही. आदेशाची प्रमाणित प्रत जोडून नोंदवहीत नोंद घेण्याचा अर्ज वेगळा द्यायचा, आणि नवा शेड्यूल वन उतारा हातात आल्यावरच बँकेत जायचं. बँकेचा माणूस तुमचा निकाल वाचत बसत नाही, तो उतारा बघतो आणि त्यावरची नावं खात्यावरच्या सह्यांशी जुळवतो. आमची नावं तेव्हाही जुळली नाहीत, कारण शेवटचा बदल अर्ज अजून मंजूर व्हायचा होता. तोवर धनादेशावर आबांची सही घ्यायला मी महिन्यातून एकदा एसटीने शहरात जात होते.