हस्तिदंती टँकर्डची निगा

17व्या शतकात आउग्सबुर्ग आणि आसपासच्या जर्मन शहरांत घडलेला टँकर्ड, म्हणजे झाकण असलेला मोठा पेला: मधला कोरीव नळा सुळ्याच्या पोकळ भागाचा, बूड, मूठ, झाकण सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे.

उचलताना मूठ धरू नका. एक हात बुडाखाली, दुसरा झाकणावर. मूठ आणि झाकण जोडणारी बिजागरी हाच सगळ्यात कच्चा भाग. हातमोजे नायट्राइलचे घ्या. साध्या रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते.

आधी मऊ ब्रशने कोरीवकामातली कोरडी धूळ झाडा. मळ चिकटलाच असेल, तर कापसाच्या बोळ्याला डिस्टिल्ड वॉटर लावून टिपकागदावर दाबा, बोटभर जागा पुसा आणि लगेच कोरडी करा. तडा दिसत असेल तिथे पाणी नकोच.

चांदी चमकवण्याचा मोह आवरा. बुडवून साफ करायचे द्रावण आम्लयुक्त असते. ते हस्तिदंतातले कॅल्शियम खाते. पावडरीने मुलामा झिजतो, शिवाय खाचांत पांढरा थर बसतो, तो निघता निघत नाही.

तडे जातात कारण हवा कोरडी झाली की हस्तिदंत आकसतो, नळ्याभोवतीची धातूची कडी मात्र तशीच राहते. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांवर स्थिर ठेवा. दिवा, खिडकी, एसीचा झोत टाळा. पूर्ण अंधारही नको, हस्तिदंत पिवळा पडतो. सैल कडी घरी आवळू नका.

भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, जुन्या वस्तूचाही सौदा करू नका.