निर्वासितांसोबत काम करायचंय? आधी वार ठरवा

निर्वासितांसाठी स्वयंसेवक व्हायचंय, असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, आठवड्यातला कुठला वार नक्की देणार? उत्साह सगळ्यांकडे असतो. पण ज्यांचं सगळंच अधांतरी आहे, त्यांना 'जमेल तसं येईन' म्हणणाऱ्याचा काय उपयोग?

मी कायदा शिकत असताना या कामात आले. १९५१ चा निर्वासितविषयक करार परीक्षेपुरता पाठ होता. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असलेला, आपल्या देशाबाहेर पडलेला माणूस म्हणजे निर्वासित. आणि कलम ३३ प्रमाणे त्याला पुन्हा त्याच धोक्यात धाडायचं नाही. मदतकेंद्रात बसल्यावर कळलं की ही भीती एकेकाला अधिकाऱ्यासमोर पटवून द्यावी लागते. जीव मुठीत धरून पळणारा माणूस पुराव्याची फाइल कुठून आणणार?

माझ्याकडे अर्ज भरून द्यायचं काम होतं. कितीतरी जणांची जन्मतारीख १ जानेवारी! जन्माचा दाखला नसला की नोंदणीच्या वेळी अंदाजे वर्ष धरतात आणि पुढे १ जानेवारी लावून टाकतात. एक आजोबा दुभाष्यामार्फत म्हणाले, "आमच्याकडे बरं आहे, अख्ख्या घराला एकदाच शुभेच्छा दिल्या की झालं." नावांचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, आणि एका अक्षरापायी कुटुंबाला बोलावून घेण्याचा अर्ज रखडू शकतो. म्हणून प्रत्येक अक्षर ताडून बघायचं. काम कंटाळवाणं आहे, पण मला याच कामाने धरून ठेवलं.

भाषेच्या वर्गात एक बाई यायच्या, आपल्या देशात परिचारिका होत्या. इथे त्यांची पदवी चालत नव्हती. बाकीचे बाजारहाटाची वाक्यं शिकायचे. ह्या बाई मात्र वहीच्या मागच्या पानांवर औषधांच्या मात्रा आणि शरीराचे भाग लिहून काढायच्या, कारण परवान्याची परीक्षा पुन्हा द्यायची होती. त्यांची ती पानं तपासता तपासता मी आश्रयविषयक कायद्यातच काम करायचं ठरवलं. त्यांनी स्वतःची हकिगत मला कधी सांगितली नाही, मीही विचारली नाही. तुम्हीही विचारू नका. अधिकाऱ्यांपुढे ती सांगून सांगून माणसं थकलेली असतात.

दुभाष्या असला तरी बघायचं समोरच्या माणसाकडे. आईबापांच्या मुलाखतीत त्यांच्याच पोराला दुभाष्या करू नका. काही गोष्टी पोरांच्या कानावर पडू नयेत. कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, वकिलाशी गाठ घालून द्यायची. 'होईल तुमचं काम' असा शब्द तर चुकूनही देऊ नका.

संस्था निवडताना दोन गोष्टी विचारा: प्रशिक्षण कोण देणार, आणि ऐकलेलं डोक्यातून जाईना तर बोलायचं कुणाशी? नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरी संस्था बघा.