रजोनिवृत्ती, रोजच्या सवयी आणि ख्रिस्ती विश्वास: या चुका टाळा

उत्पत्तीच्या 18व्या अध्यायात साराबद्दल स्पष्ट लिहिलं आहे की स्त्रियांना होतं ते तिला होण्याचं बंद झालं होतं. बायबलला हे एका वाक्यात, न लाजता सांगता आलं. मंडळीत मात्र हा विषय कुजबुजीतच राहतो. त्यामुळे पाळी जाण्याच्या काळातला त्रास एक तर मुकाट सोसला जातो, नाही तर त्याला भलतंच नाव दिलं जातं. पुढच्या बहुतेक चुका या चुकीच्या नावातूनच सुरू होतात.

शरीराच्या तक्रारीला विश्वासाची उणीव समजणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. चिडचिड होते, रडू येतं, प्रार्थनेत मन लागत नाही, वचन वाचलं तरी लक्षात राहत नाही. लगेच मनात येतं, माझी भक्तीच थंडावली. प्रत्यक्षात इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरातलं हार्मोन एका लयीत कमी होत नाही. पाळी जाण्याआधीची काही वर्षं ते चढउतार करत राहतं आणि झोप, मनःस्थिती, एकाग्रता यांवर त्याचा थेट परिणाम होतो. शिवाय रात्री घामाने तीनदा जाग आलेल्या बाईचं मन सकाळी शास्त्रपाठात रमलं नाही, तर त्यात पाप कुठलं?

1 राजे 19 पुन्हा वाचा. एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. आधी झोप, मग भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. बोलणं होतं ते त्यानंतर. हाच क्रम धरा. दोन आठवडे झोपेची वेळ, जेवण आणि पाणी नीट सांभाळा आणि मग मनाची तपासणी करा. तरीही उदासी दिवसभर टिकत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. पुढच्या प्रार्थनासभेची वाट पाहू नका.

नोंद न ठेवता तपासण्यांच्या मागे लागणं

पंचेचाळिशी ओलांडली असेल आणि लक्षणं ठरावीक असतील, तर एफएसएचची रक्ततपासणी सहसा लागत नाही. या हार्मोनची पातळी आठवड्या-आठवड्याला बदलते, म्हणून एका आकड्यावरून काही ठरत नाही. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मानतात. बहुतेकींच्या बाबतीत हे 45 ते 55 या वयात घडतं.

खरा उपयोग होतो तो वहीचा. रोज चार गोष्टी लिहा: पाळी किंवा डाग, अंगातून गरम वाफा किती वेळा आल्या, झोप किती तास झाली, मन कसं होतं. प्रार्थनेची वही असेल तर त्याच पानाच्या कडेला लिहा. दोन महिन्यांच्या नोंदी डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा जास्त सांगतात. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्या, कारण थायरॉईड ग्रंथी जास्त काम करू लागली की घाम आणि धडधड अगदी अशीच होते. पाळी चाळिशीच्या आत थांबली तर ते लवकर आलेलं वय म्हणून सोडून देऊ नका. अशा वेळी हाडं आणि हृदय जपण्यासाठी साधारण नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला सहसा दिला जातो.

पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भ राहणार नाही, असं धरणं

राहू शकतो. शेवटची पाळी पन्नाशीच्या आधी आली असेल तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधाची काळजी घ्यावी लागते.

औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं वाटणं

यशया 38 मध्ये आजारी हिज्कीया राजाला आयुष्य वाढवण्याचं देवाचं अभिवचन मिळालेलं आहे आणि तरीही गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलं जातं. अभिवचन आणि लेप एकाच अध्यायात आहेत. पौलाच्या सोबत्यांत लूक नावाचा प्रिय वैद्य होता. तेव्हा प्रार्थना आणि गोळी यांत एकच निवडण्याची सक्ती बायबल करत नाही. ती सक्ती माणसं करतात.

हार्मोन उपचाराची भीती मुख्यतः 2002 पासूनची आहे. त्या वर्षी विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासातला दोन हार्मोन (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन) एकत्र देण्याचा भाग थांबवण्यात आला, कारण फायद्यापेक्षा धोके जास्त दिसले. पण त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय 63 च्या आसपास होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजची भूमिका अशी: वय साठीच्या आत असेल किंवा पाळी जाऊन 10 वर्षं झाली नसतील आणि त्रास जास्त असेल, तर बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा फायदा अधिक होतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन एकटं घेऊ नये. सोबत प्रोजेस्टोजेन हे दुसरं हार्मोन हवंच, नाही तर गर्भाशयाचं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका निर्माण होतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही झालं असेल तर ते आधी सांगा. हार्मोन चालत नसतील तरी पर्याय उरतात: काही नैराश्यविरोधी औषधं कमी मात्रेत, एरवी फिट आणि नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं गॅबापेंटिन, आणि मेंदूतल्या तापमान-केंद्रावर काम करणारं फेझोलिनेटंट, ज्यासाठी यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध टाळतात, कारण त्यामुळे टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटतो.

याच्या उलट चूकही होते. ‘नैसर्गिक’ लिहिलेलं दिसलं की न विचारता घेतलं जातं. ब्लॅक कोहॉश या वनस्पतीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती अनेक औषधांचा परिणाम बिघडवते. डबीवर पानाचं चित्र असलं तरी ते औषधच आहे, म्हणून डॉक्टरांना सांगूनच घ्या.

गरम वाफांशी इच्छाशक्तीने लढणं

इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतला तापमानाचा नियंत्रक फार हळवा होतो. अंगाचं तापमान जराशानेही वाढलं तरी तो ‘उष्णता बाहेर टाका’ असा हुकूम सोडतो. छाती, मान, चेहरा तापतो, घाम फुटतो आणि दोन-चार मिनिटांत सगळं ओसरतं. दात-ओठ खाऊन हे थांबत नाही. मात्र ठिणगी कशाने पडते ते शोधता येतं: मद्य, दुपारनंतरची कॉफी, तिखट, खूप गरम पेय, धूम्रपान, कोंदट खोली. एका आठवड्यात एकच गोष्ट बंद करून वहीत फरक पाहा. सगळं एकदम सोडलं तर नेमकं कशाने बरं वाटलं ते कळत नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने वाफा कमी होऊ शकतात.

उपासनेला जाताना पातळ सुती कपड्यांचे थर घाला, रांगेच्या टोकाला किंवा खिडकीजवळ बसा. कॉयरचा झगा घालावा लागत असेल तर आत हलकंच काही असू द्या. संथ श्वासाबरोबर छोटी प्रार्थना करणं, म्हणजे श्वास घेताना ‘प्रभू येशू’ आणि सोडताना ‘तू जवळ आहेस’, यामुळे वाफा थांबतात असा पुरावा नाही. पण वाफ आल्यावर जो घाबरेपणा होतो तो उतरतो, आणि निम्मा त्रास त्या घाबरेपणाचाच असतो.

पहाटे तीनला अंथरुणात झगडत राहणं

जाग आली, आता प्रार्थना करू, म्हणून मोबाईलवर बायबल उघडलं जातं. उजेड डोळ्यांत जातो, मागोमाग निरोप दिसतात आणि झोप उडते ती उडतेच. सुमारे 20 मिनिटं झोप लागली नाही तर अंथरूण सोडा. मंद दिव्यात छापील बायबल घ्या आणि एकच छोटं स्तोत्र वाचा. चौथं स्तोत्र घ्या, त्याचा शेवटच निश्चिंत झोपण्यावर आहे. मध्यस्थीच्या प्रार्थनेची लांब यादी दिवसासाठी ठेवा, कारण इतरांच्या अडचणी आठवत बसलं की मन जागं होतं. डोळे जड झाले की परत आडवं व्हा. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्रभराच्या प्रार्थनासभेनंतरही. घोरणं नव्याने सुरू झालं असेल, दिवसा पेंग येत असेल, तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासा. या वयानंतर हे वाढतं आणि ‘वयच झालं’ म्हणून दुर्लक्षिलं जातं.

तरुणपणी जमायचे तसे उपवास आताही करणं

पाण्याशिवायच्या कडक उपवासाने डोकेदुखी, चक्कर आणि रात्रीची अस्वस्थता वाढू शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर खाली जाऊन घाम आणि थरथर सुटते, आणि ती गरम वाफ समजून सोडून दिली जाते. अशा वेळी आधी साखर तपासा. उपवास करायचाच असेल तर पाणी चालू ठेवा, एकच जेवण सोडा आणि सोडताना प्रथिनं असलेलं खा. किंवा मोबाईल, गोड, मनोरंजन यांतलं काही वर्ज्य करा. तोही खरा उपवासच.

फक्त चालणं पुरेसं समजणं

पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सर्वांत वेगाने झिजतात आणि स्नायूही घटतात. चालण्याने हृदयाला फायदा होतो, म्हणून आठवड्याला 150 मिनिटं ठेवाच. पण हाडांना भार लागतो. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये विश्रांती ठेवून, एवढं करा: खुर्चीवरून हात न टेकता 10 वेळा उठणं, भिंतीवर 10 दंड, टाचा उचलणं 15 वेळा, असे दोन ते तीन फेरे. शेवटी कट्ट्याजवळ एका पायावर 30 सेकंद. सोपं झालं की हातात वजन घ्या. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल तर वजन घेऊन पुढे वाकू नका.

पन्नाशीनंतर कॅल्शियम दिवसाला सुमारे 1200 मिलिग्रॅम लागतं. एक पेला दुधात साधारण 300 मिळतं. उरलेलं दही, पालेभाज्या, टोफू यांतून घ्या. गोळी लागलीच तर एका वेळी 500 मिलिग्रॅमपर्यंत, कार्बोनेट असेल तर जेवणासोबत. थायरॉईडच्या गोळीपासून ती चार तास लांब ठेवा.

योनीच्या कोरडेपणाबद्दल न बोलणं

गरम वाफा काही वर्षांनी ओसरतात. कोरडेपणा उपचाराशिवाय सहसा जात नाही, उलट वाढतो. जळजळ, संबंधांच्या वेळी दुखणं, वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग ही त्याची रूपं. हे विवाहित स्त्रियांपुरतं नाही. एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना आणि धर्मभगिनींनाही बसताना, चालताना त्रास होतो आणि त्यांना कुणी विचारतच नाही. योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, संबंधांच्या वेळी वेगळं वंगण, आणि तेवढ्याने भागलं नाही तर कमी मात्रेचं योनीतलं इस्ट्रोजेन. ते रक्तात फारच थोडं मिसळतं. साबणाने आतून धुणं बंद करा.

1 करिंथकरांस 7 हे दुखणं सोसण्याचा आदेश म्हणून वापरलं जातं. त्या अध्यायात कर्तव्य दोघांचं आहे आणि थांबायचं तर परस्परांच्या संमतीने. नवऱ्याला ‘दुखतं’ असं सरळ सांगणं त्या संमतीतच येतं.

परत आलेल्या रक्तस्रावाला परत आलेली पाळी समजणं

पाळी जाऊन 12 महिने झाल्यानंतर दिसलेला एक डागसुद्धा तपासायलाच हवा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असू शकते आणि लवकर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता खूप असते. पाळी चालू असतानाही तासाला एक पॅड भिजत असेल तर थांबू नका. मार्क 5 मधली रक्तस्रावी स्त्री 12 वर्षं हे सोसत होती. शेवटी ती येशूसमोर येऊन पडली आणि तिने सगळं खरं सांगितलं. गर्दीत, सर्वांदेखत. डॉक्टरांसमोरही तसंच सांगा: कधी दिसलं, किती, कोणत्या रंगाचं, दुखलं का. प्रार्थनेची विनंती करतानाही ‘तब्येत बरी नाही’ एवढ्यावर थांबू नका. भरवशाच्या एका बहिणीला सांगा, मंगळवारी अस्तराची तपासणी आहे, भीती वाटते, माझ्याबरोबर ये.