‘द टिन ड्रम’ वाचायची आहे? आधी कादंबरी, मग वाद

या कादंबरीचे जर्मन लेखक ग्युंटर ग्रास वाचताना हा क्रम मोडू नका. वाद असा: तरुणपणी ते वाफेन-एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लष्करी शाखेत होते, आणि हे त्यांनी साठ वर्षं लपवलं. वाद आधी वाचला की माणूस पानापानांत कबुलीजबाब धुंडाळत बसतो आणि कादंबरी हातची जाते.

‘द टिन ड्रम’चे (1959) तीन भाग, 46 प्रकरणं. रोज एक धरलंत तर दीड महिना. इंग्रजीतून वाचणार असाल तर ब्रेऑन मिचेल यांचा 2009चा अनुवाद घ्या. मूळची लांबलचक वाक्यं त्यात जपली आहेत. पहिलं वाक्य दोनदा वाचा. आपण मनोरुग्णालयात आहोत, हे कादंबरीचा नायक-निवेदक ऑस्कर तिथेच सांगून टाकतो. तिसऱ्या वाढदिवशी वाढ थांबवली, किंकाळीने काचा फोडल्या, हे सगळं त्याच्याच तोंडचं. म्हणून समासात दोन खुणा ठेवा: ऑस्करच्या सांगण्याला एक, इतिहासाला दुसरी. नोव्हेंबर 1938मधला ज्यूंच्या दुकानांवरचा हल्ला, 1 सप्टेंबर 1939ला डान्झिगच्या (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) पोलिश पोस्टावर झालेला हल्ला, इथे दुसरी. पण ऑस्करला पत्र्याचे ढोल देणारा मार्कुस त्या नोव्हेंबरात दुकानातच मरून पडलेला सापडतो, तिथे दोन्ही खुणा लागतात. त्या प्रकरणात घाई नको.

1979चा चित्रपट पाहून काम भागत नाही. तो 1945लाच थांबतो, अख्खा तिसरा भाग राहून जातो.

आता वाद. वहीत दोन रकाने पाडा. पहिल्यात तरुण ग्रास: जन्म 1927, पंधराव्या वर्षी पाणबुडीसाठी स्वतःहून अर्ज, सतराव्या वर्षी वाफेन-एसएसमध्ये भरती, एप्रिल 1945मध्ये जखमी. दुसऱ्यात त्यांचं मौन: 1985मध्ये वाफेन-एसएसच्या सैनिकांच्या कबरी असलेल्या बिटबुर्ग दफनभूमीला पश्चिम जर्मनीचे चान्सलर कोल आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन गेले, तेव्हा ग्रास यांनी केलेली टीका, 1999चं नोबेल, आणि ऑगस्ट 2006मध्ये, वयाच्या 78व्या वर्षी दिलेली कबुली. लोकांचा राग मुख्यतः दुसऱ्या रकान्यावर होता, आणि तो रास्तच होता. रकाने एकत्र केले की सतरा वर्षांच्या पोराला साठ वर्षांच्या मौनाची शिक्षा होते, नाहीतर त्याच्या कोवळ्या वयाआड ते मौन झाकलं जातं. ग्रास यांच्या इस्रायलवर टीका करणाऱ्या 2012च्या कवितेचा वाद वेगळा. त्याला वेगळं पान द्या.

मग आत्मचरित्र ‘पीलिंग द अनियन’ वाचा. ते संपलं की कादंबरीच्या तिसऱ्या भागातलं ‘कांद्याचं तळघर’ पुन्हा उघडा. युद्धानंतरच्या ड्युसेलडोर्फमधला क्लब, गिऱ्हाइकांपुढे लाकडी फळी, सुरी आणि एक कांदा. एरवी रडू न येणारी माणसं पैसे मोजून कांदा चिरतात, रडतात आणि एकदाची बोलायला लागतात.