पूर ओसरल्यानंतरचे श्रमदान : महाविद्यालयातील धार्मिक गटांसाठी मार्गदर्शन

एखाद्या भागात महापूर किंवा चक्रीवादळ येऊन गेल्याची दृश्ये पाहिली की महाविद्यालयातील प्रार्थनागट किंवा सत्संगमंडळ दुसऱ्याच दिवशी निघण्याच्या तयारीला लागते, आणि नेमक्या त्याच दिवशी अशा गटाने तिथे जाऊ नये. सुरुवातीच्या दिवसांत शोध, सुटका आणि उपचार ही प्रशिक्षित पथकांची कामे चालू असतात, पिण्याचे पाणी आणि निवारा अपुरा असतो, आणि न बोलावता आलेल्या वीस जणांची सोय कोणी करायची हा यंत्रणेपुढे नवाच प्रश्न उभा राहतो. विद्यार्थ्यांना झेपणारे काम पाणी ओसरल्यावर सुरू होते आणि पुष्कळ दिवस पुरते. ऑगस्ट २००५ मधील कतरिना चक्रीवादळात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला होता. २००६ सालच्या वसंतातील सुट्टीतही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे जथे तिथली घरे उपसत होते आणि धार्मिक संस्थांचे पुनर्बांधणीचे काम त्यापुढेही अनेक वर्षे चालले. त्यामुळे परीक्षा आटोपून दीड-दोन महिन्यांनी गेल्यास उशीर झाला असे मानण्याचे कारण नाही.

निघण्यापूर्वी त्या भागात आधीपासून काम करत असलेल्या एखाद्या संस्थेचे निमंत्रण मिळवावे, मग ती धार्मिक असो वा नसो. त्या संस्थेला चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : काम नेमके कोणते, रोज किती माणसे लागतील, अवजारे कोणाची, आणि राहायचे कुठे. ‘या, काहीतरी काम निघेलच’ असे उत्तर आल्यास तारीख पुढे ढकलावी. बेघर झालेल्यांना उपयोगी पडेल अशी जागा गटाने अडवू नये. शक्यतो बाधित भागाबाहेर मुक्काम करून रोज ये-जा करावी आणि अन्नपाणी बरोबर न्यावे. बारा ते पंधरा जणांचा गट पुरेसा होतो. त्यात दर पाच-सहा जणांमागे एक अनुभवी प्रमुख, प्रथमोपचार येणारी निदान दोन माणसे आणि निर्णयाचा अंतिम अधिकार असलेले एक प्राध्यापक असावेत. महाविद्यालयाची लेखी परवानगी, अपघात विमा, प्रत्येकाच्या आजारांची व औषधांची नोंद आणि घरच्यांचे दूरध्वनी क्रमांक ही कागदपत्रे कंटाळवाणी वाटली तरी निघण्याआधीच पूर्ण करावीत.

जुने कपडे गोळा करून नेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावरील गावांत वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहिले होते, आणि ते उचलण्याचे काम मदत करणाऱ्यांच्याच गळ्यात पडले. जमलेला निधी स्थानिक संस्थेला द्यावा किंवा तिने सांगितलेली अवजारे घेऊन तिच्याकडेच ठेवून यावीत. फावडी, घमेली, खराटे आणि ढकलगाड्या पुढच्या गटालाही लागतात.

आरोग्याची तयारी किमान दोन आठवडे आधी सुरू करावी. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली आहे की नाही हे प्रत्येकाने तपासावे. पुराच्या पाण्यात आणि गाळात जनावरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि ते त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरतात. यावर प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ज्याच्या पायाला उघडी जखम आहे त्याला गाळात उतरवू नये, मग तो कितीही आग्रह करो; नोंदी ठेवणे आणि अवजारे धुणे ही कामेही कोणीतरी करावीच लागतात. जाड तळव्याचे गमबूट, रबरी हातमोजे, डोळ्यांसाठी गॉगल आणि बुरशीच्या घरात एन-९५ मास्क ही साधने प्रत्येकाकडे स्वतःची असावीत.

आता प्रत्यक्ष घराकडे वळू. प्रथम बाहेरूनच पाहावे : भिंत कललेली आहे का, नवे तडे गेले आहेत का, छप्पर खचले आहे का. यांपैकी काहीही आढळल्यास जाणकाराने पाहणी करेपर्यंत आत पाऊल टाकू नये. वीज मुख्य ठिकाणाहून बंद असल्याची खात्री वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावी. गॅसचा वास आला तर कोणतेही बटण न दाबता बाहेर पडावे. पंपासाठी जनरेटर लावायचा असल्यास तो दारे-खिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब, उघड्यावर ठेवावा, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काहीही हलवण्यापूर्वी घरमालकाच्या संमतीने सर्व खोल्यांची छायाचित्रे काढून ती त्यांनाच द्यावीत, म्हणजे विम्याच्या किंवा नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी पुरावा राहतो.

कामाचा अंदाज गटाला आधी द्यावा, नाहीतर पहिल्याच दुपारी अवसान गळते. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब खोलीत फूटभर गाळ साचला असेल तर तो सुमारे साडेतीन घनमीटर भरतो आणि त्याचे वजन सहा टनांच्या आसपास जाते. पंधरा किलोचे घमेले धरले तर एकट्या त्या खोलीसाठी चारशे खेपा होतात. म्हणून साखळी करून घमेली हातोहात पुढे द्यावीत, भरणाऱ्यांची अदलाबदल करावी आणि ऊन असल्यास पाऊण तास कामानंतर पाव तास सक्तीची विश्रांती घ्यावी. गाळ ओला असताना लवकर निघतो. वाळला असेल तर आधी पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ उडत नाही. आतल्या खोलीपासून दाराकडे यावे आणि उपसलेला गाळ गटारात कधीही लोटू नये, कारण तुंबलेले गटार शेजारच्या चार घरांत पुन्हा पाणी भरते. गाळ काढल्यावर भिंती व फरशी साबणाने घासून स्वच्छ धुवावी आणि नंतरच ब्लीचिंग पावडरचे द्रावण वापरावे. मळ शिल्लक असेल तर क्लोरीन त्या मळावरच खर्ची पडते. ते द्रावण आम्लयुक्त किंवा अमोनियायुक्त क्लीनरमध्ये मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. भिंती पूर्ण वाळेपर्यंत रंग लावण्याची घाई घरमालकाने केली तरी त्याला थांबण्यास सांगावे, नाहीतर आत कोंडलेल्या ओलीमुळे रंगाखाली बुरशी धरते.

सर्वांत नाजूक काम म्हणजे काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवणे, आणि तो निर्णय संपूर्णपणे घरच्या माणसांचा असतो. माझ्या पहिल्याच खेपेला आमच्या एका उत्साही मुलाने चिखलाने माखलेला वह्यांचा गठ्ठा बाहेरच्या ढिगावर फेकला होता. घरातील आजी काही न बोलता त्या ढिगाशी बसल्या आणि हाताने गाळ बाजूला करत तासभर शोधत राहिल्या. त्या गठ्ठ्यात त्यांच्या वारलेल्या मुलाच्या शाळेच्या वह्या होत्या. तेव्हापासून आम्ही दाराशी तीन ढीग करतो : ठेवायचे, विचारायचे आणि टाकायचे, आणि तिसऱ्या ढिगात घरच्यांनी सांगितल्याशिवाय एक चिंधीही जात नाही. भिजलेली छायाचित्रे एकमेकांना चिकटण्यापूर्वी स्वच्छ थंड पाण्यात हलकेच बुडवून काढावीत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळत घालावीत. चिकटलेली छायाचित्रे ओढून सोडवू नयेत; वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत, म्हणजे ती नंतर सावकाश सोडवता येतात. पूजेच्या किंवा प्रार्थनेच्या वस्तू आणि धर्मग्रंथ, मग ते आपल्या धर्माचे असोत वा दुसऱ्या, घरच्यांना विचारल्याशिवाय हाताळू नयेत.

यातूनच गटाच्या श्रद्धेचा प्रश्न येतो. १९९४ साली रेडक्रॉस-रेडक्रेसेंट चळवळ आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून केलेल्या आचारसंहितेत दहा तत्त्वे आहेत. मदत वंश, पंथ किंवा राष्ट्रीयत्व न पाहता द्यावी आणि तिचा वापर विशिष्ट राजकीय वा धार्मिक भूमिका पुढे नेण्यासाठी करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. धार्मिक गटाने ही संहिता निघण्यापूर्वी एकत्र बसून वाचावी. ज्याचे घर आपण उपसतो आहोत तो माणूस आपल्याला ‘नको’ म्हणण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून त्याच्यापुढे पत्रके ठेवणे, प्रार्थनेचे आमंत्रण देणे किंवा गटाचा फलक लावून त्याच्यासह छायाचित्र काढणे मला तरी अन्यायाचे वाटते. गटाची प्रार्थना पहाटे मुक्कामी व्हावी. घरच्यांनी स्वतःहून ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ असे म्हटले तर ती जरूर करावी, थोडक्यात आणि त्यांना समजेल अशा शब्दांत. तुम्ही कशासाठी आलात असे कोणी विचारले तर खरे ते सांगावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

बोलण्याच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ मधील मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतील ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ (म्हणजे योग्य मदतीशी जोडून द्या) हा क्रम लक्षात ठेवावा. कोणी काय गमावले याची खोदून चौकशी करू नये. ते सांगू लागले तर फावडे खाली ठेवून ऐकावे. ‘देवाची इच्छा होती’ किंवा ‘जे होते ते चांगल्यासाठीच’ ही वाक्ये गटात सर्वांनाच पाठ असतात आणि तिथे ती जिभेवर येऊ देऊ नयेत. झोप न लागणारी, कोणाशीच न बोलणारी किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा करणारी व्यक्ती आढळल्यास स्थानिक संस्थेला त्याच दिवशी कळवावे. वीज केव्हा येईल, पैसे केव्हा मिळतील याबद्दल आपण कसलेही आश्वासन देऊ नये.

रात्री अर्धा तास सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रत्येकाने दिवसातील एक गोष्ट सांगावी. ज्याला बोलायचे नाही त्याला बोलते करू नये, परंतु प्रमुखाने त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवावे.

शेवटच्या दिवशी अर्धी राहिलेली कामे घरनिहाय लिहून ती यादी संस्थेच्या हाती द्यावी आणि ज्या घरी काम अपुरे राहिले तिथे स्वतः जाऊन तसे सांगावे. गमबूट आणि कपडे वेगळ्या पिशवीत बांधून आणावेत आणि घरी इतर कपड्यांत न मिसळता धुवावेत. परतल्यानंतर महिनाभर गटप्रमुखाने दर आठवड्याला प्रत्येकाची चौकशी करावी. या काळात ताप, तीव्र अंगदुखी, डोळ्यांत लाली किंवा कावीळ यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे आणि पहिल्याच वाक्यात सांगावे की आपण पुराच्या गाळात काम करून आलो आहोत.