गरज पडायच्या आधीच आपल्या चारजणी शोधा

परदेशात आल्यावर पहिले सहा महिने घर, कागदपत्रं, नोकरी, मुलांची शाळा यातच जातात. या यादीत कुणी लिहीत नाही असं एक काम मी सगळ्यात वर ठेवीन: एकत्र बसून मन मोकळं करणाऱ्या बायकांचा एखादा गट शोधा, आणि सगळं सुरळीत चाललेलं असतानाच शोधा. घरात भांडण पेटल्यावर अनोळखी माणसांसमोर तोंड उघडत नाही. मला गट सापडला तो तिसऱ्या वर्षी. आधीची दोन वर्षं आईला फोनवर "सगळं छान आहे" सांगण्यात गेली.

चांगला गट आठ-दहाजणींचा असतो. जास्त झाल्या की शेवटच्या बाईपर्यंत बोलायची फेरी पोचत नाही. सगळ्या गोल बसतात, एक वस्तू हातोहात फिरते आणि जिच्या हातात ती, तिनेच बोलायचं. ही रीत उत्तर अमेरिकेतल्या अनेक मूळ निवासी समाजांची. तिथून ती जगभर पसरली. आमच्याकडे एक गुळगुळीत दगड आहे. एक मैत्रीण पहिले तीन वेळा तो दोन्ही हातांत धरून बसली, अंगठ्याने चोळत राहिली आणि न बोलता पुढे दिला. "बोल ना गं" असं कुणी म्हटलं नाही. चौथ्या वेळी ती बोलली. दगड माझ्याकडे आला तेव्हा कोमट झाला होता.

न मागता सल्ला द्यायचा नाही, हा नियम आपल्याला फार जड जातो. "अगं, तू असं कर" हे जिभेवरच असतं. गिळा ते.

इथलं बोलणं इथेच, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. परदेशात आपली माणसं मोजकी, त्यात कोण कुणाची जाऊ, कोण कुणाच्या नवऱ्याच्या ऑफिसात. निसटलेला शब्द संध्याकाळपर्यंत घरी पोचतो. म्हणून एक गट आपल्या भाषेबाहेरचाही असू द्या. रडायला मातृभाषाच लागते, हेही खरं. मग दोन गट ठेवा.

मारहाण, धमक्या, पासपोर्ट काढून घेणं, पैसे अडवणं असं काही असेल तर मात्र गटाने समेट घडवायला जाऊ नये. नवरा-बायकोला समोर बसवून "मिटवून टाका" म्हटलं तर ती बाई खरं बोलूच शकत नाही, आणि जे बोलते त्याची किंमत घरी गेल्यावर मोजते. घर सोडण्याची वेळ सगळ्यात धोक्याची असते, म्हणून ते पाऊल प्रशिक्षित मदतनीसाशी बोलून, आखून उचलायचं. गटाने करायच्या गोष्टी वेगळ्या: तिच्या कागदांच्या प्रती सांभाळणं, हेल्पलाइनला लावायला आपला फोन देणं (तिचा तपासला जात असेल), वकिलाकडे सोबत जाणं. "व्हिसा माझ्यावर आहे, परत पाठवीन" या धमकीवर लगेच विश्वास ठेवू नका. बऱ्याच देशांत अशा बाईसाठी कायद्यात वेगळी सोय आहे.

पहिल्या दिवशी काहीच बोलावंसं वाटलं नाही तरी या. दाराजवळची खुर्ची घ्या. दगड हातात आला की थोडा वेळ धरा आणि पुढे द्या.